शेळीची मुलाखत

"ताई, व्हिडिओत माहे याडी-बा कुठं हायेत? नुसती शेळीच बोलून राह्यली!"

पुण्याहून लखनचा फोन आला तेव्हा दीपमाला दारव्ह्याच्या आपल्या स्टुडिओत एकटीच जेवत होती. आई गेल्यापासून जेवताना फोन आला, की ती लगेच उचलायची, कोणाचाही असो.

तिने फाइल उघडली. तांड्यावरचं अंगण, खाट, खाटेवर मधोमध शेळी आणि दोन्ही बाजूंनी लखनच्या आई-वडिलांचे, मानीबाई आणि गुलाबसिंगांचे, नुसते आवाज. पाऊण तास शेळी रवंथ करत स्वतःच्या लग्नाच्या आठवणी सांगत होती.

चूक दीपमालाचीच. या मुलाखतीच्या आदल्या दिवशी बारशात बाळाचा चेहरा जवळून टिपायला तिने नव्या सिनेमा कॅमेऱ्याच्या सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीचा, फक्त मधला भाग चालू ठेवला होता. तो बदलायचा राहिला. स्क्रीनवर आजूबाजूचंही दिसत होतं, पण साठत होतं ते बारीक रेषेच्या आतलंच. आणि उन्हात ती रेष कुठली दिसायला! त्यात म्हातारा-म्हातारी खाटेच्या दोन टोकांना. पुण्याला मुलाकडे जायचं मानीबाईंनी काढलं, गुलाबसिंगांनी नाही म्हटलं आणि दिवाळीपासून दोघं शेळीच्या मार्फत बोलत होती.

रविवारी दीपमाला पुन्हा गेली. या खेपेला पूर्ण सेन्सर चालू केला. पण मोठी लेन्स उसनी आणलेली, ती परत गेली होती. स्वतःची जुनी लेन्स एवढ्या मोठ्या सेन्सरला पुरेना. मधे गोल उजेड, कडेला काळोख. उजेडात पुन्हा शेळीच.

"मांगं सरक ना, पोरी," गुलाबसिंग म्हणाले.

मागे पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळक्या काड्यांचं कुंपण होतं. ती सरकली, ओढणी अडकली, तिने हिसका दिला आणि कुंपणच आडवं झालं. शेळीने ते भगदाड पाहिलं आणि थेट शेजारच्या हरभऱ्यात उडी घेतली. तिला धरून लांब खुंट्याला बांधेस्तोवर तिघांनाही धाप लागली.

"आता मधला भागच वापरतो, तेवढ्याले ही लेन्स पुरते," दीपमाला म्हणाली. "पण तुमाले जवळजवळ बसा लागन."

"तिले सांग," गुलाबसिंग सवयीने खाटेच्या मधल्या जागेकडे पाहून म्हणाले. तिथे कोणीच नव्हतं.

"कोनाले सांगता? मी इथंच हाय," मानीबाई फणकारल्या.

दोघं सरकत सरकत खांद्याला खांदा लागेपर्यंत आली. दीपमालाने कॅमेरा सुरू केला.

"पुन्यात करमन का मले?" गुलाबसिंगांनी विचारलं.

"मले इथं करमते का?" मानीबाई म्हणाल्या. "तुमी दिवसभर वावरात. शेळीसंग किती बोलू?"

गुलाबसिंगांनी मानीबाईंच्या पदराला लागलेली काडी काढली.

मानीबाईंनी दीपमालाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. घरी येऊन तिने पाहिलं, तर चित्र लख्ख आलं होतं, दोघंही पुरती. तिने ते लखनला पाठवलं आणि रिकाम्या घरात, एकही खरकटं भांडं नसलेल्या मोरीकडे उगाच बघत बसली.

संध्याकाळी मानीबाईंचा फोन आला. "कसं आलं, बेटी?"

"बिघडलं, मावशी," दीपमालाच्या तोंडून निघून गेलं. "पुन्ना या लागन."

"लखन तं म्हने, लय मस्त आलं."

तेवढ्यात गुलाबसिंगांनी फोन ओढून घेतला.

"तू म्हनतं बिघडलं, तं बिघडलंच असन. येत्या रविवारी सकाळीच ये. अन् कॅमेरा नाही आनला तरी चालते."