लुकलुकणारा दिवा आणि अण्णांची डुलकी

जेवणाच्या टेबलावर सकाळपासून जेवण सोडून सगळं काही होतं. तीन कॉम्प्युटर, त्यांच्यातून निघालेल्या तीन राखाडी वायरी आणि मधोमध काडेपेटीएवढी, एका वेळी एकच वायर घेणारी डबी. डबीचं नाव अ‍ॅडॅप्टर. एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला कारखान्यातलं एखादं यंत्र, आणि मध्ये ही दुभाषी. तिच्याशी कॉम्प्युटरने कसं बोलावं हे सांगणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं एक मोठं गाठोडं, प्रोग्रामरने आठ महिने खपून लिहिली होती. आता ती तीन निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कंपाइल करायची, म्हणजे त्या त्या मशीनला कळेल अशा रूपात आणायची, आणि प्रत्येक ठिकाणी डबीवरचा लाल दिवा न थांबता लुकलुकवून दाखवायचा.

"पाच वाजता बघतो," साहेबांनी फोनवर सांगितलं होतं. "तिन्हींवर चाललं तर तुम्ही घरूनच काम करा. नाहीतर सोमवारपासून इकडे या."

इकडे म्हणजे दुसऱ्या शहरात. तिथल्या भाड्याच्या खोलीत प्रोग्रामरने दोन वर्षं काढली होती आणि पंधरा दिवसांतून एकदा घराचं तोंड पाहिलं होतं. पुन्हा तिकडे जायची त्याची मुळीच तयारी नव्हती.

तीनपैकी पहिला कॉम्प्युटर त्याचा. दुसरा बायकोचा, ती इमारतींचे नकाशे काढायची आणि आज तिने तो मोठ्या मनाने देऊन हातात पेन्सिल घेतली होती. तिसरा त्याच्या वडिलांचा, अण्णांचा. हे धूड इतकं जुनं होतं की चालू करून माणूस अंघोळ उरकून येई. अण्णा त्यावर रोज दुपारी एकट्याने पत्ते खेळत.

"आजचा दिवस द्या, अण्णा."

"डाव अर्धा आहे माझा."

"राहील तसाच."

"मागच्या वेळी पण असंच म्हणाला होतास," अण्णा म्हणाले आणि डावावर नजर ठेवायला आरामखुर्ची टेबलाला खेटून मांडून बसले.

कंपाइल सुरू झालं. पडद्यांवर अक्षरांच्या ओळी संथपणे वर सरकू लागल्या. खिडकीचा पडदा फुगायचा, पुन्हा मिटायचा. पंखा एकाच सुरात काहीतरी सांगत होता. अशा दुपारी जागं राहणं हे काही साध्या माणसाचं काम नव्हे, आणि प्रोग्रामर साधाच माणूस होता.

तिन्ही मशीनचे नखरे वेगळे. एकाला फायलींच्या नावातलं लहान-मोठं अक्षर चालेना, दुसरं पदोपदी परवानगी मागत बसलं, आणि अण्णांच्या मशीनने वीस मिनिटं विचार करून एक फाइल नाही म्हणून कळवलं. ते सगळं निस्तरून दोन वाजता त्याने बायकोच्या कॉम्प्युटरची वायर बोटाने चाचपत नीट ओळखली, डबीला जोडली आणि चाचणी सुरू केली. दिवा छान लुकलुकू लागला. तो तोंडावर पाणी मारून आला तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं, 'अ‍ॅडॅप्टर हरवला.' आणि प्रोग्राम बंद.

राखाडी वायर डबीत होती. दिवा लागलेला होता. म्हणजे चूक कोडमध्ये. त्याने कोड बदलला: अ‍ॅडॅप्टर हरवला तर मरू नकोस, थांब. पुन्हा तिन्हींवर कंपाइल. या खेपेला आपल्या कॉम्प्युटरवर चाचणी लावली. टेबलावर डोकं टेकलं, जरा डोळा लागला. उठून पाहतो तर प्रोग्राम थांबला होता, आणि काही केल्या हलेना. मग त्याने शिकवलं: थांब, आणि डबी परत आली की मुकाट्याने काम धर. सव्वाचारला प्रोग्राम इतका शहाणा झाला की त्याने तो तिन्ही मशीनवर एकदम चालू ठेवला. पण दिवा काही कुठेच पाच मिनिटांच्या वर टिकेना.

"बॅग भरायला घेऊ का?" त्याने बायकोला विचारलं. आवाज रडवेला झाला होता.

"आधी चहा घे," ती म्हणाली आणि कप ठेवता ठेवता थबकली. "अरे, इकडे बघ."

अण्णा आरामखुर्चीत गाढ झोपले होते. डोळे मिटलेले, चेहरा शांत. मिटल्या पापण्यांसमोर दिवा लुकलुकत होता. अण्णांचा हात अलगद उठला, त्याने डबीतली वायर उपसली, शेजारची उचलली आणि अचूक खुपसली. "जोडून देतो, थांबा," ते पुटपुटले.

चौतीस वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, बोर्डावर दिवा लागला की हाताने वायर जोडायच्या काळात.

प्रोग्रामर ओरडणार तेवढ्यात बायकोने त्याचा दंड धरला. "झोपू दे त्यांना. लुकलुकता दिवा तसाच सोडवत नाही, त्याला ते काय करणार?"

तेवढ्यात साहेबांचा कॉल आला, दहा मिनिटं आधीच. कॅमेरा टेबलाकडे वळवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने आपली वायर जोडली, दिवा सुरू झाला. साहेब बघत राहिले. आणि डाव्या बाजूने एक सुरकुतलेला हात चित्रात आला.

वायर निघाली. दिवा विझला. प्रोग्रामरच्या डोळ्यांपुढे ती भाड्याची खोली उभी राहिली. पण दुसरी वायर आत गेली आणि क्षणभराने दिवा पुन्हा लुकलुकला. आता बायकोच्या पडद्यावर ओळी धावत होत्या, आणि त्याच्या पडद्यावर शांतपणे लिहिलेलं होतं, 'वाट पाहतोय.' हात पुन्हा आला. अण्णांचं धूडही एक खोल श्वास घेऊन कामाला लागलं.

साहेब पडद्याच्या अगदी जवळ आले. "चालू कामात वायर उपसून बघायची चाचणी? आमच्या इथे कुणाच्या डोक्यात आली नाही. कोण आहेत हे?"

"टेस्टिंगचे," प्रोग्रामरने घसा साफ केला. "अनुभवी आहेत."

"किती वर्षांचा अनुभव?"

"चौतीस."

"तुम्ही घरीच राहा," साहेब म्हणाले. "या गृहस्थांना मात्र सोमवारी इकडे पाठवा."

कॉल संपला. प्रोग्रामरला इतका आनंद झाला की त्याने बायकोचाही चहा पिऊन टाकला. लुकलुकत्या दिव्यासमोर अण्णांनी हळूच डोळे उघडले.

"काय झोप लागली. एक्स्चेंजमध्ये होतो," ते म्हणाले. "तीन गिऱ्हाइकं आणि एकच लाइन. एकाची जोडावी तर दुसऱ्याची तुटायची. सुरुवातीला फार कटकट करत होते, फोन आपटायचे. मग हळूहळू समजूतदार झाले. तिघंही आपापली पाळी येईपर्यंत थांबले. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

प्रोग्रामरने अण्णांच्या अंगावरची शाल नीट केली.

"माझा डाव आहे ना?" अण्णांनी विचारलं.