हिरव्या पावण्याचा डावा पाय

आकाराम पाणी सोडून घरी आला तेव्हा त्याची लेक तेजस्वी मोबाइलमध्ये बघून खुदुखुदू हसत होती. ही गोष्ट घरात इतकी दुर्मीळ झाली होती, की खांद्यावरची व्हॉल्व्हची चार फुटी लोखंडी चावी खाली ठेवायची विसरून तो दारातच उभा राहिला. गेल्या जूनपासून लेकीचं त्याच्याशी बोलणं तीन शब्दांवर आलं होतं. "हं", "नको" आणि "ठेवलंय". बारावीनंतर तिला पुण्याला जाऊन सिनेमा शिकायचा होता. "सिनेमानं कुणाचं भलं झालंय?" एवढंच आकाराम म्हणाला आणि तिला कोल्हापुरातच बी.एस्सी.ला घातलं. त्या दिवसापासून घरात हे तीन शब्द.

बाहेर मात्र लोक त्याच्याशी भरभरून बोलत. सव्वीस वर्षं तो गल्लोगल्ली फिरून नळाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह सोडत होता. बावीस व्हॉल्व्ह, रोज पहाटेपासून, पायी. वरच्या गल्लीतले ओरडत की पाणी चढत नाही, खालच्या गल्लीतले ओरडत की उठायच्या आत जातं. दोघांचंही ऐकून घेऊन घरी यायचं आणि घरात "हं" ऐकायचं, असा त्याचा दिनक्रम होता. माणूस थकून गेला होता.

त्यानं लेकीच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावलं. पडद्यावर उसाचा फड होता. अकरावीतली एक पोरगी किंचाळत पळत होती आणि तिच्या मागून एक हिरवंगार काहीतरी लंगडत येत होतं. आकारामनं ते लगेच ओळखलं. कारण त्या हिरव्याच्या आत तो स्वतः होता.

"काय बघालीस?" त्यानं विचारलं.

"हं."

"न्हाई, म्हंजे ह्यो पिक्चर कुठला?"

विषयच असा निघाला की तेजस्वी रुसवा विसरली. "'हिरवा पावणा'. तुम्हाला न्हाई कळायचं, पप्पा. कल्ट हाय त्यो."

"कल्ट म्हंजे?"

"म्हंजे आधी कुणालाच आवडला न्हाई, आणि आता आमाला सोडून कुणालाच आवडायचा न्हाई, असला."

पहिलं अर्धं वाक्य तर आकारामला तोंडपाठ होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी गडहिंग्लजच्या एका गूळ व्यापाऱ्याला सिनेमा काढायची हुक्की आली. उसात उल्का पडते, त्यातून परग्रहावरचा हिरवा प्राणी बाहेर येतो आणि कॉलेजच्या सहलीतल्या पोरांच्या मागे लागतो, अशी गोष्ट. गडमुडशिंगीच्या शिवारात अकरा दिवस शूटिंग झालं. प्राण्यासाठी दांडगा गडी हवा होता, म्हणून तालमीतून आकारामला उचलून नेलं. सिनेमा तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी थिएटरवाल्यानं स्वतःच पोस्टर फाडलं. पुढं लग्न ठरताना आकारामनं सासरच्यांना काही सांगितलं नाही, आणि लेकीला तर नाहीच नाही.

"आवडण्यासारखं काय हाय त्यात?" त्यानं जपून विचारलं. "पाठीवरची चेन दिसतीय की."

"दिसतीयच! आणि बसमधनं सगळी पोरं ओरडत पळत्यात तेव्हा ड्रायव्हर मागं भजी खात बसलाय, त्यो पण दिसतोय. पण पप्पा, पोरं घसा फाडून सांगत्यात की उसात कायतरी हाय, आणि गुरुजी म्हणत्यात, 'वह्या काढा!' सगळ्या पिक्चरमधी एक बी मोठा माणूस त्यांचं ऐकत न्हाई. एक!" एवढं बोलून तिनं बापाकडं रोखून पाहिलं. "म्हणून आवडतोय."

आकाराम गडबडला. सात महिन्यांत लेक एवढं बोलली नव्हती. हा धागा तुटू नये म्हणून त्यानं घाईघाईनं सांगून टाकलं, "त्यात मी हाय."

"कुठं?"

"त्यो हिरवा."

तेजस्वीनं त्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि पायांवर थांबली. "पप्पा, त्या माणसाचा डावा पाय अधू हाय. तुम्ही सरळ चालता. माझ्याशी बोलायचं म्हणून उगं कायबी सांगू नगा." आणि मोबाइल घेऊन ती आत गेली. रात्री जेवताना पुन्हा "ठेवलंय".

बायकोला, म्हणजे वर्षाराणीला, लग्नानंतर हे सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "सांगून टाका की तिला लंगडण्याचं खरं कारण."

खरं कारण असं होतं. हिरव्याचा पोशाख जीपच्या सीटा शिवणाऱ्या मीरासाबनं शिवला होता. रेक्झिन आणि स्पंज, एकदम मजबूत काम. फक्त पायांच्या वेळी त्यानं एकच कागदी फर्मा न उलटवता ठेवून दोन्ही पाय कापले आणि दोन्ही उजवे झाले. हे शूटिंगच्या सकाळी लक्षात आलं. दिग्दर्शक म्हणाला, "पायाकडं बघतंय कोण?" आणि आकारामनं अकरा दिवस डावा पाय उजव्या बुटात कोंबून ऊस तुडवला. दोन नखं काळी होऊन पडली. त्यातली एक परत नीट आलीच नाही.

"मी सांगून ती ऐकायची न्हाई," आकाराम म्हणाला. "साक्षीदार लागंल."

सत्तरीचा मीरासाब अजून दुकानात बसत होता. सगळं ऐकल्यावर त्यानं सुई बाजूला ठेवली. "म्हंजे पोरं आपला पिक्चर बघालीत? आकाराम, मी येणार. अठ्ठावीस वर्षं एका बी माणसानं मला विचारलं न्हाई, की त्यो पोशाख कुणी शिवला." आणि त्यानं माळ्यावरून खाकी कागदाची एक गुंडाळी काढली. पायाचा तोच जुना फर्मा! "पुरावा म्हणून असू दे."

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला तेजस्वीसारखी वेडी पोरं एका जुन्या हॉलमध्ये जमून 'हिरवा पावणा' बघत. या खेपेला आकाराम आणि मीरासाबही शेवटच्या रांगेत जाऊन बसले. पोरांनी अंगावर हिरवी पोती चढवली होती आणि प्रत्येकाच्या हातात उसाची चिपाडं होती. हिरवा आला की पडद्यावर चिपाडं भिरकावायची, अशी रीत. गुरुजींनी तोंड उघडलं की अख्खा हॉल ओरडे, "वह्या काढा!" ड्रायव्हरच्या भज्यांना तर उभं राहून टाळ्या पडल्या.

आकारामनं हा सिनेमा पूर्ण कधी पाहिलाच नव्हता. आपल्याला बघून हसणार म्हणून तो अंग चोरून बसला होता. पण हिरवा एकटाच बांधावर उभा राहून आभाळाकडं बघतो, त्या ठिकाणी हॉल चिडीचूप झाला. शेजारच्या पोरीनं डोळे पुसले. वास्तविक शूटिंगच्या वेळी आकाराम पोशाखाच्या आत, पाठीवरची चेन उघडायला कोण येतंय याची वाट बघत होता आणि त्याला लघवीला लागली होती. पण आज ते बघताना तोही अंग चोरायचं विसरून ताठ बसला. आपल्या हातून एवढं चांगलं काम झालं होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सिनेमा संपला. कार्यक्रम भरवणारा विश्वजित माइकवर आला. "आज पुण्यास्नं प्रियदर्शनी मॅडम आल्यात. त्या सिनेमा शिकवत्यात. त्यांच्यासमोर आपली तेजस्वी बोलणार हाय. विषय, हिरव्याचं लंगडणं!"

आकारामनं खुर्चीचा दांडा धरला. लेक आज बोलणार आहे, हे त्याला घरात कुणी सांगितलं नव्हतं. तीन शब्दांत ते बसलं नसतं म्हणा.

तेजस्वीचा आवाज आधी थरथरला, मग स्थिरावला. ती म्हणाली, "मी मोजलंय. हिरवा पडद्यावर दोनशे चौदा पावलं चालतो आणि एकदाही लंगडायचा विसरत नाही. नाटक करणारा माणूस कधीतरी विसरतोच. म्हणजे हे नाटक नाही. पोशाखाच्या आतला माणूस खराच अधू होता. ज्याला गावानं जन्मभर चालण्यावरून चिडवलं असेल, त्यालाच राक्षस केलं. आणि त्यानं काय केलं? त्याच चालण्यानं अख्ख्या गावाला घाम फोडला. त्याचं नाव सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्येसुद्धा नाही. तो कुठं असेल, जिवंत असेल का, मला माहीत नाही. पण मी सिनेमा शिकले तर त्याच्यामुळे शिकेन."

हॉल टाळ्यांनी दणाणला. पहिल्या रांगेत प्रियदर्शनी मॅडम भराभरा काहीतरी लिहून घेत होत्या. आकारामनं मीरासाबच्या हातातल्या गुंडाळीकडं पाहिलं. दोन उजव्या पायांची गोष्ट आता निघाली, तर पोरीच्या भाषणाचा चुराडा होणार होता, तोही पुण्याच्या मॅडमसमोर, आणि करणार कोण, तर बाप. तो हलक्या आवाजात म्हणाला, "चाचा, उठा. आपण गुमान घरी जाऊ."

मीरासाब उठला खरा. पण ताठ उभा राहून गरजला, "पोरांनो, त्यो माणूस जिता हाय! ह्यो काय, हितं बसलाय!"

साडेतीनशे माना वळल्या. विश्वजित माइक घेऊन धावत आला. "काका, कशावरनं?"

"कशावरनं म्हंजे? त्यो पोशाख म्या शिवलाय. आणि पुरावा हाय की! ह्यो बघा पायाचा फर्मा. त्याचं काय झालं हुतं..."

आकारामनं त्याच्या हातातली गुंडाळी हिसकावली, काखेत दाबली आणि उठला. "मी चालून दाखवतो," तो म्हणाला.

आणि तो चालला. डावा पाय ओढत, वाकडा टाकत, शेवटच्या रांगेतून थेट स्टेजपर्यंत. पहिली चार पावलं हॉलमध्ये कुणी श्वास घेतला नाही. पाचव्याला कुणीतरी किंचाळलं, "त्योच हाय रं!" आणि असा गोंधळ उठला, की आता छप्पर उडतंय असं वाटलं. चिपाडांचा पाऊस पडला. एक आकारामच्या कानावर बसलं. तो थांबला नाही.

स्टेजवर तेजस्वी दगडासारखी उभी होती. हाच बाप तिला खांद्यावर घेऊन जोतिबाच्या सगळ्या पायऱ्या एका दमात चढला होता. आज सकाळीच गॅसची भरलेली टाकी घेऊन तो जिना चढला होता. तिला सगळं माहीत होतं. फक्त बाप लंगडत का येतोय, एवढंच तिला कळेना, आणि तो स्टेजच्या पायरीशी पोचेपर्यंत तेही कळलं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "पाय कधीपासून असा आहे?"

"ल्हानपणापासनं," आकाराम म्हणाला. लेकीकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"आणि हे तुझे वडील? तेजस्वी, मग तू हे आधी का नाही सांगितलंस?"

तेजस्वीनं बापाच्या पायाकडं पाहिलं. "ते म्हणाले, कुणाला सांगू नको."

घरी जाताना मीरासाब रिक्षात तोंड फिरवून बसला होता. "अठ्ठावीस वर्षांनी एकदा बोलायची येळ आलती," तो पुटपुटला. आकारामनं त्याला फर्मा परत दिला आणि हात जोडले. रिक्षाच्या मागं सहा मोटरसायकलींवर हिरवी पोती येत होती, त्यामुळं घराच्या जिन्यापर्यंत त्याला लंगडतच जावं लागलं.

संध्याकाळपर्यंत त्याच्या चालण्याचा व्हिडिओ अख्ख्या कोल्हापुरात फिरला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पहिल्या व्हॉल्व्हपाशी पोचला, तर तिथं दोन पोरं फोटोसाठी थांबलेली. वरच्या गल्लीतल्या आक्का, ज्या रोज पाण्यावरून त्याचा उद्धार करत, त्या स्टूल घेऊन बाहेर आल्या. "असल्या पायानं एवढं हिंडता व्हय, पावणं? आमाला काय ठावं! बसा, च्या घ्या." आता चहा प्यायल्यावर उठून सरळ चालणार कसं? आकाराम बावीसच्या बावीस व्हॉल्व्ह लंगडत फिरला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात त्याची कंबर खरोखरच धरली. वर्षाराणी तेल चोळताना म्हणाली, "आता रिटायर होईस्तवर असंच का?" 

पुण्याहून मॅडमनी पाठवलेला प्रवेशाचा फॉर्म टीव्हीपाशी पडला होता. आकारामनं कुणाला न विचारता त्यावर सही करून ठेवली. तेजस्वीनं तो उचलून पुस्तकात ठेवला. आठ दिवस बापलेक एकमेकांची नजर चुकवत फिरत राहिले. आता तर "हं"सुद्धा बंद झालं होतं. आपण केलं ते चुकलं की काय, असं आकारामला वाटू लागलं होतं.

नवव्या दिवशी पहाटे तो चावी खांद्यावर टाकून निघाला, तेव्हा मागून हाक आली.

"पप्पा, थांबा."

तो वळला. तेजस्वी मोबाइल घेऊन दारात उभी होती.

"काल खालच्या गल्लीत तुम्ही उजव्या पायानं लंगडत होता. विश्वजितनं व्हिडिओ पाठवलाय, बघा. म्हणतोय, काकांचा पाय बदलला कसा? मी कायतरी सांगून वेळ मारून नेली, पण दर वेळी काय सांगू? डावा हाय, पप्पा, डावा! आणि नुसता ओढायचा न्हाई. पाऊल बाहेरनं फिरवून टेकवायचं. असं."

ती चप्पल न घालताच रस्त्यावर आली आणि दिव्याच्या खांबापर्यंत लंगडत गेली, तिथून परत लंगडत आली. दोनशे चौदा पावलं मोजलेली पोरगी. एकही पाऊल चुकलं नाही.

आकारामच्या कंबरेतून कळ येत होती. पाणी सोडायला उशीर होत होता आणि वरची गल्ली ओरडणार होती. तिनं दाखवलं ते त्याला पहिल्याच पावलाला कळलं होतं.

"न्हाई ध्यानात आलं," तो म्हणाला. "परत एकदा दाखव की."