उत्तरेच्या पाहुण्यांचं गूळपाणी

पितृपक्षात सारं पुणं कावळ्यांची मनधरणी करत असताना त्यांना खडे मारणारा भट तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. आमचे शेजारी बाळंभट! लोकांकडची श्राद्धं खणखणीत आवाजात करणार, पण मुठेच्या काठी आले की कावळ्यांवर ओरडणार, "हुडुत! तुम्ही पेठेतलेच. घरी जेवा!"

त्यांच्याकडे मान फक्त शरदात उत्तरेहून येणाऱ्या पाखरांना. माझं नारायण पेठेत गुळाचं दुकान. पावसाळा सरला की बाळंभट रोज सकाळी दारात. "खडा चांगला द्या. पाहुणे परमुलखातले आहेत." मग नदीकाठी पळसाच्या द्रोणात पाणी, शेजारी गूळ आणि स्वतः मांडी घालून बसलेले. शेपटी नाचवत परीट पक्षी उतरला की पगडी सारखी करून विचारत, "या! वाटेत ऊन नाही ना लागलं?" एखादं नवं पाखरू दिसलं, तर दिवसभर स्वारी तरंगत असायची.

आणि माणसांना? छे! त्यांच्या दारात घोटभर पाणी मिळालेला माणूस पेठेत सापडायचा नाही. "आपण घरून पिऊनच आला असाल," म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

"अहो, पाखरं गूळ खातात होय? मुंग्यांची चैन चाललीय नुसती," मी एकदा म्हटलं.

"खायचं की नाही, ते पाहुण्यानं ठरवावं. विचारायचं काम आपलं. आपण गूळ तोला."

त्यांचा एकुलता एक श्रीपाद पेशव्यांच्या फौजेबरोबर उत्तरेला गेला होता. फौज परतली, तो परतला नाही. काही निरोपही नाही. यंदा सर्वपित्री अमावास्या तोंडावर आली, तशी पेठेतल्या मंडळींनी मला पुढे केलं. "तुम्ही शेजारी. सांगा त्यांना, आता मुलाचं श्राद्ध करून टाका म्हणून." नको ते काम! पण गेलो.

नदीवर धुकं होतं. पलीकडचा काठ पुसून गेला होता, आणि पाणी वाहतंय की थांबलंय तेही कळत नव्हतं. बाळंभटांनी मागे न बघताच हात धरून मला खाली बसवलं. लव्हाळ्यातून मुठीएवढं पाखरू बाहेर आलं. अंग मातकट, पण गळा निळाशार. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी कशासाठी आलोय तेच विसरलो.

"निळं उपरणं!" बाळंभट पुटपुटले. "घरंदाज दिसतंय. आपल्याकडे पहिल्यांदाच आलं."

पाखरू द्रोणाशी थबकलं. चोच बुडवून, मान वर करून पाणी प्यायलं आणि पुन्हा लव्हाळ्यात शिरलं.

"प्यायलं हो," ते म्हणाले. "आमचा श्रीपादही असाच कुणाच्या तरी दारात उभा असेल. तिकडून आलेल्याला आपण पाणी विचारलं, तर त्यालाही तिकडे कुणी विचारील." त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. "माणसांना नाही मी पाणी देत. दिलं की बसतात, आणि बसले की श्राद्धाचा विषय काढतात. आपण काय काम काढलंत?"



"काही नाही. गूळ संपला असेल, म्हणून आलो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग तांब्या उचलून माझ्यापुढे धरला.

"घ्या. चालून आला आहात."