पेणकरपाड्याचा बर्फ

“‘आइस’ उसवायचं की ठेवायचं, तेवढं सांगा. मला कुकर लावायचाय,” सरोजाबाई दातांत दोरा धरून म्हणाल्या.

त्यांच्या मांडीवर निळ्या सॅटिनचं लांबरुंद कापड पसरलं होतं. तीन आठवडे खपून त्यांनी त्यावर पिवळ्या रेशमानं अक्षरं भरली होती : ‘पेणकरपाडा आइस हॉकी संघ, मीरा रोड’. समोर त्यांचे यजमान तात्याराव हातात पत्र घेऊन उभे होते. पत्र मुंबईतल्या एका जिमखान्याच्या संघाकडून आलं होतं. रविवारच्या सामन्याला आम्ही येत आहोत. परंतु आमचा संघ खऱ्या बर्फावरचा आहे, तेव्हा आपल्याकडे बर्फ नसल्यास नावातून ‘आइस’ वगळावं, असं त्यात अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं.

बर्फ नव्हता, हे खरंच होतं. टेलिफोन खात्यातल्या धम्मपाल मोऱ्यांनी केबलवर कुठल्याशा थंड देशातला हा खेळ पाहिला आणि पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर वस्तीतली सहा मुलंमुली जमवून देवळापुढच्या सिमेंटच्या पटांगणात तो सुरू केला. पायांत चाकांचे बूट, चेंडूऐवजी टायरमधून कापलेली काळी चकती, आणि गोल राखायला क्रिकेटचे पॅड बांधलेली धम्मपालची मुलगी संघप्रिया. बर्फ मिळेल तेव्हा मिळेल, तोवर चाकं, असा धम्मपालचा हिशोब होता.

तात्यारावांचं या सहांत कुणीच नव्हतं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, मूळचे राजापूरकडचे, कीर्तनाचे वेडे. एका संध्याकाळी देवळात जाताना त्यांनी पाहिलं, की सहा जण जीव तोडून खेळतायत आणि समोर बघायला माणूस नाही. बुवा उभे आहेत आणि मांडव रिकामा, हे तात्यारावांना आयुष्यात कधी सोसलं नव्हतं. ते घरी गेले, सतरंजी आणली आणि कीर्तनाला बसावं तसे पुढे मांडी घालून बसले. तेव्हापासून एक सराव चुकला नाही. नियम कळत नसत. चकती समोरच्या गोलाकडे निघाली की झांज वाजवायची आणि संघप्रियानं चकती अडवली की मोठ्यानं ‘रामकृष्ण हरी’ म्हणायचं, एवढं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. दूधवाल्या भैयालासुद्धा ते अडवून सांगत, “हमारे टीम का गोलकीपर लडकी है. एक चकती आत सोडत नाही.”

“एक टाकासुद्धा उसवू नका,” तात्याराव आता म्हणाले. “बर्फ येईल.”

धम्मपालनं त्यांना समजावून पाहिलं. चैत्राचं ऊन आहे, पटांगण मोठं आहे, नाव बदलल्यानं खेळ बदलत नाही. तात्यारावांनी सगळं ऐकून घेतलं आणि उत्तनची बस पकडून पालीला गेले. तिथं बर्फाच्या कारखान्यात धाकू होता. धाकू दरवर्षी चैत्रातल्या कीर्तनसप्ताहाला मृदंगावर बसायचा, त्यामुळे बोलणं दोन मिनिटांत झालं. चाळीस लाद्या, रविवारी दुपारी तीनला. पुढची सगळी तजवीज तात्यारावांच्या डोक्यात तयार होती. स्वयंपाकघरात फरशी बसवतात तशा लाद्या एकीला एक लावायच्या. धाकूनं सप्ताहाची सेवा म्हणून हो म्हटलं. लाद्या कशाला हव्यात हे त्यानं विचारलं नाही आणि तात्यारावांनी सांगितलं नाही.

रविवारी तीनला टेम्पो उलटा मागे घेत पटांगणात आला, मागची फळी पडली, आणि पटांगणात गुडघाभर उंचीचा बर्फाचा चुरा सांडला.

“लाद्या कुठायत रे?” तात्यारावांनी विचारलं.

“ह्या काय. चालीस हायत. मोजून फोरल्या,” धाकू अभिमानानं म्हणाला. बर्फ होड्यांवर जातो तो मशीनमधून फोडूनच. चाळीस वर्षांत अख्खी लादी मागणारं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं.

पाच मिनिटांत वस्तीतली मांजरं आली, कारण त्या बर्फाला मासळीचा वास होता. मांजरांमागून बायका पातेली घेऊन आल्या, कारण सप्ताहाला पन्हं करायचं होतं. आणि बायकांमागून जिमखान्याचा संघ आला. सगळ्यांच्या अंगात एकसारख्या लाल जर्सी. त्यांचा कप्तान साईराज बर्फाच्या ढिगाकडे बघत राहिला. मग त्यानं वाकून एक बोट त्यात खुपसलं आणि पटकन काढून घेतलं.

ढीग पसरला तरी त्यावर उभं राहता येईना. चाकं रुतून बसत. धम्मपाल डोक्याला हात लावून पायरीवर बसला. तात्याराव मात्र देवळात गेले आणि सप्ताहासाठी जमलेली सगळी मंडळी घेऊन बाहेर आले. बर्फावर ओली गोणपाटं अंथरली, टाळ-मृदंग सुरू झाले आणि साठीच्या पुढचे बावीस जण त्यावर पावली खेळू लागले. दोन पावलं पुढे, एक मागे, उडी. अर्ध्या तासानं गोणपाटं उचलली, तेव्हा खाली जमीन झाली होती. फार गुळगुळीत नव्हती, पण पांढरी आणि टणक होती. देवळाच्या कठड्यावर सरोजाबाईंचं निळं कापड लागलं.

चाकं त्यावरही चालेनात. मग दोन्ही संघांनी साधे बूट घातले. खेळ म्हणण्यापेक्षा घसरणंच जास्त झालं. पण संघप्रियानं तीनदा चकती अडवली, बावीस जणांनी तीनदा ‘रामकृष्ण हरी’ केलं, आणि तिसऱ्या वेळी लाल जर्सीतल्या एकाच्या तोंडूनही ते निघून गेलं. शेवटी पिंपळाखालच्या पाहुण्यांच्या गोलापुढे आठ जण एकमेकांवर पडले. उठले तेव्हा चकती नव्हती. सगळ्यांनी हातांनी बर्फ उकरला, बोटं बधिर झाली. इतक्यात पाच वाजले आणि काशीनाथबुवा कीर्तनाला उभे राहिले. बुवांना थांबवणं तात्यारावांना शक्यच नव्हतं. सामना शून्य-शून्य ठरला.

जाण्याआधी साईराज तात्यारावांच्या सतरंजीपाशी येऊन उकिडवा बसला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे त्यानं आधी पाहिलं.

“अंकल, एक लेटर मिळेल का? की आमची टीम बर्फावर खेळली म्हणून.”

“तुम्ही तर नेहमीच खेळता ना?”

“नाही,” साईराज म्हणाला. “लेटरहेडवर तसं छापलंय. आम्हीपण चाकांवरच खेळतो. बर्फ आज पहिल्यांदा बघितला.”

तात्याराव हसले नाहीत. कीर्तन संपेपर्यंत बस, पन्हं घेऊन जा, पत्र देतो, असं त्यांनी सांगितलं.

पूर्वरंग संपला. आता मध्ये बुवांना हार घालायचा मान दरवर्षी तात्यारावांचा. ते हार घेऊन उठले, आणि बाहेरून संघप्रियाची हाक आली.

“तात्या, चकती सापडली.”

तात्याराव हार हातात घेऊनच बाहेर आले. मागून सगळे श्रोते आले, चिपळ्या हातात घेऊन बुवाही आले. बर्फ अर्धाअधिक वितळला होता. पिंपळाखाली, पाहुण्यांच्या गोलाच्या रेषेपलीकडे चार बोटं आत, काळी चकती पाण्यात चमकत होती.

ती वाहत आत गेली असेल, असं साईराजचं म्हणणं पडलं. त्यावर सगळ्यांनी धाकूकडे पाहिलं. बर्फातलं त्याच्याइतकं तिथं कुणालाच कळत नव्हतं.

“बर्फ इतळला तरी म्हावरं जिथं ठेवलं तिथंच गावतं,” धाकू म्हणाला. “चालीस वर्सं बगतोय. कवा हललं न्हाय.”

काशीनाथबुवांनी तात्यारावांच्या हातातल्या हाराकडे पाहिलं, मग संघप्रियाकडे, आणि नुसती मान हलवली. यंदाचा हार पॅडवरूनच तिच्या गळ्यात पडला. धम्मपालनं चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ घातला नाही.

पत्र त्यानंच लिहिलं, सुंदर अक्षरात. साईराजनं ते वाचलं आणि परत वाचलं.

“अंकल, ही सेकंड लाइन जरुरी आहे का?”

“अरे, बर्फ एकच होता बाळा,” तात्याराव मायेनं म्हणाले. “दोन्ही गोष्टी त्याच्यावरच झाल्या.”

साईराजनं क्षणभर विचार केला, पत्राची नीट घडी केली आणि जर्सीच्या आत छातीशी ठेवली. पत्रात लिहिलं होतं : ‘हा संघ पेणकरपाडा येथे खऱ्या बर्फावर खेळला. एका गोलानं हरला.’ खाली धम्मपालची सही होती, प्रशिक्षक म्हणून. तिच्याखाली तात्यारावांची होती. आपण संघाचे नेमके कोण, हे त्यांना लिहिताना क्षणभर सुचलं नव्हतं. मग त्यांनी नावापुढे ठळक अक्षरात लिहिलं होतं : ‘श्रोता’.