माझ्या हृदयाचे सुतक

माझ्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी असे निष्पन्न झाले, की माझी थायरॉइड ग्रंथी सुतक पाळत आहे.

"रक्तातलं संप्रेरक अशा वेळी थोडं उतरतंच, नाना," डॉक्टर मिराशी म्हणाले. "पण हिने काम पूर्ण बंद ठेवलंय. त्यावाचून हृदय तग धरणार नाही."

कारण ग्रंथीने माझ्याच गळ्यातून सांगितले. "चौऱ्याण्णव मिनिटे हृदय बंद होते. आम्ही एका रक्ताचे. दहा दिवस कामाला हात लावता येत नाही."

"ते पुन्हा सुरू झाले," मी म्हणालो.

"तेच सुरू झाले, हे कोणी पाहिले? आपण तर बेशुद्ध होतात."

चाळीस वर्षे काकडआरतीत माझे हृदय एका ठरावीक ठिकाणी अडखळत असे. हे नको तितके सुरळीत चालत होते. मी छातीवर हात ठेवून नामस्मरण केले. साथ मिळाली, पण नवख्या टाळकऱ्याची असते तशी, किंचित उशिरा.

माझी पत्नी वेणू उशाशी जप करीत होती. "अहो, गेला म्हणून क्रिया झालेला माणूस परतला, तर त्याचा नवा जन्म धरतात. तिला सांगा, बाळ झालंय."

मी सांगितले. ग्रंथीने विचार केला.

"मग जन्माचे सोयर. तेही दहा दिवस. आजपासून."

"आजपासून कसं?" वेणू कडाडली. "जन्म परवाचा! मला शिकवतेस? चार बाळंतपणं झालीत माझी."

सात दिवसांवर तडजोड झाली. सुतकाच्या घरी शेजारून पिठलं-भात येतो, तसे तेवढे दिवस संप्रेरक बाहेरून गोळीने आले. हृदय तगले.

बाराव्या दिवशी बारसे झाले. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानांतून काढला. वेणूने त्याची कानांतली टोके माझ्या छातीला लावली, चकती ओठांशी धरून आधी "कुर्र" केले, मग नाव कुजबुजले.

"काय ठेवलंस?" मी विचारले.

"ज्याचं त्याला सांगितलंय."

ग्रंथी आता नियमित काम करते. रोज पहाटे संप्रेरक सोडण्यापूर्वी ती छातीला नाव विचारते, आणि छातीतून उत्तर येते. मी कान दिला, की दोघेही थांबतात.

म्हणून मी कान देत नाही.