गुणवंतरावांचं भाजी ओळखणारं मशीन

सासऱ्यांसमोर एकदा तरी हुशार ठरायचं, असं गुणवंतरावांनी मनावर घेतलं तेव्हा लग्नाला अकरा वर्षं झाली होती. (घाई करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.) ते ब्रह्मपुरीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. सासरे रामाजी एटापल्लीकडचे, रानातला पाला नुसत्या वासावर ओळखणारे. मागच्या पावसाळ्यात जावयाने तरोट्याची भाजी म्हणून गाजरगवताचा भारा घरी आणला, तेव्हा रामाजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. गुणवंतरावांना ते हसू फार लागलं.

साल होतं दोन हजार पाच. भरपूर फोटो दाखवले की कॉम्प्युटर आपोआप ओळखायला शिकतो, हे त्यांनी वाचलं होतं. मग काय! डिजिटल कॅमेरा घेऊन ते महिनाभर बाजारात रानभाज्या विकणाऱ्या बुधरीबाईपुढे उकिडवे बसले. तरोटा, काटवल, कुड्याची फुलं, बांबूचे कोवळे वास्ते. पळसाच्या पानावर तिने मांडलेल्या एकेका वाट्याचे वीस-वीस फोटो निघाले. न खाण्याजोगा पाला कॉलेजमागून उपटला आणि टेबलावर ठेवून त्याचेही फोटो काढले.

"सर, घेत तं काई नाई, नुसते फोटोच काढून राह्यले," बुधरी म्हणाली.

"मशीनले शिकवून राह्यलो, बाई."

"मशीन सैपाक करते का?"

अडाणी बाई, असं म्हणून गुणवंतरावांनी तिला मनातल्या मनात माफ केलं.

खाण्याजोगी की न खाण्याजोगी, एवढंच सांगणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमने शंभरात अठ्ठ्याण्णव फोटो बरोबर ओळखले. गुणवंतरावांनी रामाजींना तातडीने रविवारी जेवायला बोलावलं आणि बायकोला बजावलं, "चंदा, त्या दिवशी भाजी मशीन निवडीन." चंदा नुसती "बरं" म्हणाली. (याचा अर्थ कळायला अकरा वर्षं कमीच पडतात.)

रविवारी रामाजी पिशवी घेऊन आले. सगळं कसं शोभिवंत दिसावं म्हणून गुणवंतरावांनी पळसाचं पान अंथरलं. रामाजींनी त्यावर पिशवीतला एक पाला ठेवला. फोटो काढला, वायर जोडली. पडद्यावर उमटलं: खाण्याजोगी, नव्याण्णव टक्के.

"पाहा बाबा!"

"पाह्यलं. हा बेशरमाचा पाला हाये, जवाईबापू. बकरीबी तोंड लावत नाई याले."

"एखादवेळी होते चूक."

रामाजींनी तरोट्याची जुडी टेबलावर ठेवली. न खाण्याजोगी! मग त्यांनी दाराशी जाऊन आपली चप्पल आणली आणि पळसाच्या पानावर ठेवली. खाण्याजोगी. शेवटी नुसतं पान ठेवलं, तर मशीनने शंभर टक्के दिले.

"अजी," चंदा म्हणाली, "हे भाजी पाह्यतच नाई. पळसाचं पान दिसलं का भाजी म्हनते!"

महिनाभर त्याने तेवढंच शिकून घेतलं होतं. पण गुणवंतराव डगमगले नाहीत.

"मशीन चुकलं, मी थोडी चुकलो? फोटो काढता काढता मलेच साऱ्या भाज्या पाठ झाल्या!"

"असं का?" रामाजी पाटावर बसले. चंदाने ताटं वाढली. (भाजी तिने सकाळीच करून ठेवली होती.) "मंग सांगा, जवाईबापू, ताटात कोनती हाये?"

गुणवंतरावांनी निरखून पाहिलं, वास घेतला, घास चघळला.

"तरोटा! शंभर टक्के!"

"पालक हाये," चंदा म्हणाली.

रामाजी या वेळी हसले नाहीत. त्यांनी भाकरी मोडली आणि मायेने म्हणाले, "चंदे, जवाईबापूले पळसाच्या पत्रावळीवर वाढत जाय. मंग वळखतीन."