लसपेटी भूमीवर पाडिली त्याची हकीकत

जी वर धरिलेल्यास खाली आणिते आणि खाली आलेल्याचा कस पाहते, त्या गुरुत्वशक्तीस नमन. हकीकत ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, पेट्या घडविणाऱ्या एका दौलतीत कल्याणीबाई उकिडवे गणितकार्यावर नामजाद होत्या. डोंगरातील आरोग्यसेविका पाठीवर लस नेत, आणि जुनी पेटी हातून निसटली की कोपरा फुटे, आतला गारवा जाई, मग लस नासोन पोरे टोचल्यावाचून राहत. म्हणोन बाईंनी नवी पेटी योजिली. पोलादी साचा एकदा कापला की फिरत नाही, सबब आधी संगणकात पेटी पाडोन पाहावी, ऐसा दौलतीचे धनी महाराज यांचा हुकूम जाहला.

मग बाईंनी पेटीचे सूक्ष्म तुकडे कल्पून जाळे विणिले, आणि कोपऱ्यांस ते दाट केले, आणि प्लास्टिकचा स्वभाव संगणकास सांगितला, आणि खाली अचल भूमी मांडिली, आणि पेटीने भूमीत शिरू नये ऐसी ताकीद दिली. मीटरभर उंचीचे सारे पतन करविणे म्हणजे व्यर्थ कालहरण. म्हणोन पेटी भूमीच्या केसभर वर, कोपऱ्यावर तिरकी धरिली, आणि टेकतेसमयीचा वेग, सेकंदास सुमारे साडेचार मीटर, तिजला आधीच बहाल केला. संगणकाने हिशेब केला, तो पेटीस ओरखडाही नाही.

दिवाण रणसिंगराव पडदा पाहोन बहुत आनंदले. म्हणाले, "बाई, फत्ते! उद्याच साचा कापितो. पेढे कोठले मागवू?"

"दिवाणजी, पेढे थांबवा. ही पेटी पडली कोठे? ही तर निजली."

"तुम्हांस यशाचेही अजीर्ण होते काय?" ऐसे हसोन दिवाण गेले.

बाई पडद्यापुढे बसोन राहिल्या. पेटी आपली, कौतुकही आपले. उगे राहिले तर कोण पुसतो? परंतु डोंगराची निसरडी वाट मनातून जाईना. मग भूमीस बसलेला धक्का काढोन पाहिला, तो फूल पडावे एवढाच. मग आकडे तपासिले आणि चूक सापडली: मापे सारी मिलिमीटरांत, वेग मात्र मीटरांत लिहिला, संगणकाने साडेचार मिलिमीटरच मानिले, आणि पेटी गोगलगाईच्या चालीने टेकविली.

बाई तैशाच दिवाणांकडे गेल्या. "चूक माझी आहे. साचा थोपवा."

"आणि महाराजांस काय सांगू?"

"पेटी संगणकात फुटो, परी डोंगरात न फुटो, ऐसे सांगा."

मग खरा वेग देताच कोपरा झाकणापर्यंत चिरला. बाईंनी कोपरा गोल केला, आत फासळ्या घातल्या, आणि पुनःपुन्हा पाडिली, तेव्हा पेटी दबोन सावरू लागली. मग साचा कापिला. पहिली पेटी अंगणात आणिली, आणि महाराजांनी दोहों हातांनी अलगद, जैसे तान्हे पाळण्यात ठेवावे, तैसी सोडिली. डोंगरातून आलेल्या आरोग्यसेविका भिकीबाई वळवी हसल्या. "महाराज, आमच्या हातून अशी पडत नाही हो!" ऐसे म्हणोन पेटी कमरेइतकी उचलिली आणि फरशीवर कोपऱ्यावर सोडिली. धाडकन आवाज जाहला. भिकीबाईंनी कोपरा चाचपिला, झाकण ओढोन पाहिले, आणि पेटीचा पट्टा खांद्यास लाविला.

तात्पर्य, पेटी आधी खरी पाडावी, मग खुशाल डोंगरी धाडावी. पेढे त्या दिवशी वाटिले.